हसनचाचा आणि हवेतला खड्डा

हसनचाचांनी कुणाला ‘घाबरू नको’ म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. त्यांच्याकडे कामाला राहिलो तेव्हा घाबरण्यापलीकडे मला फारसं काही येत नव्हतं, त्यामुळे हे माझ्या लवकर ध्यानात आलं. बाकी सगळे म्हणायचे. खानावळवाला म्हणायचा, स्टेशनावरचा हमाल म्हणायचा, गावाहून निघताना आई तर सारखी म्हणत होती. चाचा म्हणायचे, “भीती वाटतेय ना? वाटू दे. तिला बसायला घोंगडी टाक. जेवायला मात्र वाढू नको.”

मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बार्शीकडचा. पाचवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली ती सुटलीच. पुढे लग्न झालं, आणि रेल्वेत चिकटवतो म्हणून एकानं कर्जतला बोलावलं. बायकोला आईपाशी ठेवून आलो, तर तो बोलावणारा माणूस काही सापडेना. भिसेगावच्या रस्त्यावर एका दुकानाच्या पायरीवर वळकटी मांडीवर घेऊन बसलो होतो. दुकान दोरांचं. सुंभ, चऱ्हाट, कासरे, बारदान, कंदिलाच्या काचा. आतून एक उंच, जरासा वाकलेला माणूस बाहेर आला. मेंदीनं रंगवलेली दाढी, लुंगी, आणि वर आगबोटीवरचा विटका निळा कोट. त्यानं माझी चौकशी केली नाही. दोराचा एक तुकडा माझ्यापुढं टाकला.

“गाठ मारता येते?”

मी येत होती ती मारली.

“ही बैलाची गाठ हाय,” तो म्हणाला. “चालंल. ऊठ, आत ये.”

ते हसनचाचा. दुकानामागच्या खोलीत त्यांनी मला जागा दिली. दुसऱ्या दिवशी बाजारातून एक पातेलं, एक तवा आणि एक तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, “नवीन हायत. आमच्या घरातला हात याला लागलेला नाय. आईला तसं कळव, म्हंजे तिला झोप लागंल.” माझ्या मनात तो विचार आलाही नव्हता. माझ्या आईच्या मनात मात्र पहिला तोच आला असता. कधी न पाहिलेल्या बाईची काळजी त्या माणसानं माझ्याआधी केली होती. आज मी त्या मुलखापासूनही लांब, दुसऱ्याच गावी आहे. चाचा गेल्याचं मला उशिरा कळलं, मातीला जाता आलं नाही. पण तो तवा अजून माझ्या घरात आहे, आणि त्यावर भाकरी टाकली की हा माणूस आठवल्याशिवाय राहत नाही.

त्यांच्या दोन खोडी सगळ्या कर्जतला ठाऊक होत्या. नवा माल आला की ते प्रत्येक दोर आढ्याला बांधायचे आणि पाय वर घेऊन स्वतः त्याला लोंबकळायचे. मगच तो विकायला काढायचे. कडावचे शेतकरी दारातूनच ओरडायचे, “काय चाचा, आज कितव्यांदा फाशी?”

“तुझ्या बैलाच्या आधी मी मरून बघतो रं. नको तर जा दुसरीकडं.”

दुसऱ्या दुकानात कुणी जात नसे.

दुसरी खोड मला पहिल्यांदा फार लागली. ते कुणाला हात द्यायचे नाहीत. उल्हास नदीच्या दगडांवरून एकदा माझा पाय सरकला, कमरेइतक्या पाण्यात मी चाचांपासून हातभर अंतरावर धडपडत होतो. कुणीही हात पुढं केला असता. चाचांनी खांद्यावरचा दोर काढून माझ्या अंगावर फेकला, म्हणाले, “धर.” बाहेर आल्यावर माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं, पण बोलले काही नाहीत. मला वाटलं, आपण परक्या जातीचे म्हणून असेल. मग पाहिलं तर स्वतःच्या नातवालाही ते ओढ्यातून दोरानंच पार करायचे.

ते मूळचे किनाऱ्यावरचे. बरीच वर्षं आगबोटींवर खलाशी, शेवटी खलाशांवरचे सारंग. तरी दर्याबद्दल अवाक्षर नाही. कुणी विचारलं तर, “दर्यावर काय असतंय? पानी असतंय.” पनवेलच्या खाडीकडचा माल आणायचा झाला तर मला धाडायचे, स्वतः जायचे नाहीत. जिथून दर्या दिसत नाही, त्याचा वारा लागत नाही, अशी जागा हुडकून ते घाटाच्या पायथ्याशी येऊन बसले होते, असं मला पुढं वाटायला लागलं. का, ते साजगावच्या जत्रेत कळलं.

साजगावची जत्रा कार्तिकात भरते. दूरदूरची सुक्या मासळीची दुकानं तिथं लागतात. सुकट, बोंबील, खारे यांचे माणसाएवढे ढीग. चाचांचं दोरांचं पाल दरवर्षी ठरलेल्या जागी असे. त्या सकाळी आम्ही माल मांडत होतो आणि मुंबईकडून विमान आलं. तोवर विमान आम्ही पाहिलंच नव्हतं असं नाही, पण ते उंच, ठिपक्याएवढं. हे बरंच खाली होतं. दोन पंखांवर दोन पंख, उघडं, आत दोन डोकी दिसत होती. सगळी जत्रा माना वर करून उभी. विमान घाटाच्या कड्याकडं निघालं, पुण्याला जाणारं असणार.

आणि कड्याच्या पुढ्यात ते पडलं. कोसळलं नाही, तिरकं झालं नाही. कुणी खालची फळी काढून घ्यावी तसं सरळ खाली आलं. जत्रेतून एकच ओरड झाली. नाक खाली करून ते झाडांच्या दिशेनं येत राहिलं, इतका वेळ की माझ्या शेजारच्या सुकटवाल्या म्हातारीनं डोळे मिटून घेतले. मग ते एकदम वर उचललं गेलं, हेलकावलं, वळलं आणि आमच्या डोक्यावरून जाऊन गावाबाहेर कापणी झालेल्या भातखाचरांत उतरलं. बांध ओलांडताना दोनदा उडालं आणि थांबलं.

आम्ही पळत गेलो. पुढच्या बैठकीत जाडसर, कोट घातलेला एक माणूस कण्हत होता, त्याच्या खांद्याजवळचं हाड मोडलं होतं. मागच्या बैठकीतून चालवणारा उतरला. पंचविशीचा असेल. त्याला खरचटलंही नव्हतं, पण तोंड पिठासारखं पांढरं. चाचांनी दोघांनाही आमच्या पालात आणलं. बसलेल्याचं नाव त्र्यंबकराव, मुंबईच्या एका कापडवाल्या शेटजींचा मुनीम; शेटजींनी तातडीच्या कामासाठी पुण्याला धाडलेला. चालवणाऱ्याचं नाव श्रीधर.

लोक पालाभोवती गोळा झाले. “काय झालं वर?” कुणीतरी विचारलं.

“हवेत खड्डा लागला,” श्रीधर म्हणाला.

“खड्डा?” सुकटवाली म्हातारी म्हणाली. “जमिनीवरचे कमी पडले व्हय रं बाबा?”

तोही थोडा हसला. मग त्यानं समजावून सांगितलं. थंडीच्या दिवसांत वारा देशावरून येतो, कड्याच्या टोकावर पोचतो आणि बांधावरून पाणी पडावं तसा खाली कोसळतो. तो दिसत नाही. विमान त्या पडत्या वाऱ्याखाली गेलं की वाऱ्याबरोबर तेही पडतं. “आपण पडतोय असं नाही वाटत,” तो म्हणाला. “सगळं वर चाललंय असं वाटतं. पोट गळ्याशी येतं. बैठकीच्या तळाला बुटांची वाळलेली माती असते ना, ती उठून माझ्या डोळ्यांसमोर तरंगायला लागली. नकाशा माझ्या मांडीवरून उडून गेला, तो गेलाच.”

वरच्या वाडीचा गोमा ठाकर हाडं बसवायचा. तो जत्रेला यायला निघालाच होता, थोड्या वेळानं पोचला. तो म्हणाला, “आमी माळावर व्हतो, वरती. तुजी घार आमच्या खालती पडली. वरनं बघितली मी.” मग त्यानं त्र्यंबकरावांना आडवं घेतलं, बांबूच्या कामट्या मागवल्या आणि चाचांकडून मऊ सुती नाडा. हाड ओढताना त्र्यंबकराव किंचाळले ते असं: “शिंगरोबा! पोचला ना रे तुझा नारळ! पोचला ना!”

सगळ्यांना वाटलं, वेदनेनं बरळतायत. घाटातल्या शिंगरोबाला तर येणारा-जाणारा प्रत्येक जण काही ना काही वाहतोच.

दुपारभर श्रीधर विमानाखाली होता. तारा ओढून बघ, बिजागऱ्या हलवून बघ, दांडा पुढं-मागं कर. त्या विमानाची एक गोष्ट इथं सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच आहे. पुढच्या आणि मागच्या दोन्ही बैठकींत पायांच्या मधोमध एकेक उभा दांडा होता, आणि ते खालून जोडलेले. मागचा ओढला की पुढचाही मागं येई. दांडा मागं ओढला की विमानाचं नाक वर. श्रीधर मागून चालवी, पुढच्या बैठकीत पाहुणा.

चाचा आणि मी वाऱ्यानं विमान हलू नये म्हणून त्याला खुंट्यांना बांधत होतो. चाचांच्या गाठी बघून श्रीधर म्हणाला, “जहाजावर होता का तुम्ही?” चाचा म्हणाले, “व्हतो कधीतरी.” मग त्यांनी विचारलं, “कायतरी मोडलंय काय?”

“काही नाही. सगळं ठीक आहे.” तो बांधावर बसला. “तेच वाईट आहे, चाचा.”

त्यानं मुंबईला केलेल्या तारेचं विमानाच्या मालकांकडून उत्तर आलं होतं, ते कुणी खोपोलीहून आणून त्याच्या हातात दिलं होतं. विमान उद्या संध्याकाळपर्यंत मुंबईला परत आण, नाहीतर दुसरा वैमानिक पाठवतो. तसा दुसरा आला की श्रीधरचं उड्डाण संपलं, हे त्यानंच सांगितलं. पण त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. तो स्वतःच ठरवून बसला होता.

“विमान पडायला लागलं तेव्हा मी दांडा मागं ओढला,” तो हळू म्हणाला. “तो आला नाही. दगडासारखा झाला होता. दोन्ही हातांनी ओढला, पाय रोवून ओढला, नाही. आणि मग झाडं इतकी जवळ आल्यावर एकदम आला. सबंध दुपार मी तपासतोय. अडकायला तिथं काहीच नाही. मग दांडा अडकला नव्हता. माझे हात गोठले होते. मी ओढत होतो असं मला नुसतं वाटत होतं.”

चाचांनी पुढच्या खुंटीचा दोर आवळला.

“ज्याचे हात असे गोठतात त्यानं दुसऱ्याचा जीव घेऊन हिंडू नये. दुसऱ्या माणसाला येऊ दे. मी गाडीनं जाईन.”

त्यावर चाचांनी एवढंच विचारलं, “तुला खात्री हाय? हात गोठले याची?”

“खात्री नाही, तेच तर. खात्री कधी व्हायची नाही.”

मी चाचांच्या तोंडाकडं बघत होतो. गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला. मी त्यांना गाठ अर्धी टाकताना तेव्हाच एकदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पालात चहा करत होतो. त्र्यंबकराव गोणपाटावर टेकून बसले होते, हात गळ्यात. चाचा त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

“मुनीमजी, नारळ कसला हो?”

त्र्यंबकरावांच्या तोंडावरचा रंग उडाला. “कसला नारळ?”

“काल शिंगरोबाला पोचलेला.”

बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. मग एकदम त्यांचे डोळे भरून आले. ते मावळातले, घाटापलीकडच्या गावचे. लहानपणी बैलगाडी घाटात आली की वडील उतरायचे, शिंगरोबाला नारळ ठेवायचे आणि मगच पुढं जायचे. आगगाडी झाली तरी त्यांनी कधी रिकाम्या हातानं घाट ओलांडला नव्हता, खिडकीतून का होईना, पैसा टाकायचेच. “आणि हे तर त्याच्या डोक्यावरून जायचं, चाचा. देवाच्या डोक्यावरून, आणि तेही हात हलवत?” श्रीधरनं निघण्याआधी बजावलं होतं, जवळ सुटं काही ठेवू नका, पट्टा सोडू नका. त्यांनी कोटाखाली नारळ लपवला. कडा दिसल्यावर नारळ खाली सोडावा म्हणून पट्टा काढला, अर्धवट उठले, आणि त्याच वेळी विमान पडलं.

“मी तरंगत होतो,” ते म्हणाले. “माझे पाय मला खाली दिसत होते, जणू दुसऱ्याचे. मग खांदा लोखंडावर आपटला. नारळ हातातून सुटला तो खाली, दांड्याच्या आणि बैठकीच्या मध्ये जाऊन बसला. पाचर मारल्यासारखा. दांडा मागं येण्यासाठी धडपडत होता, मला दिसत होतं. मी चांगल्या हातानं कसाबसा तो नारळ उपटला आणि बाहेर फेकला. तेव्हा कुठं आम्ही वर आलो.” मग जरा वेळानं, “शिंगरोबाला मिळाला खरा.”

“ह्ये त्या पोराला सांगितलं का नाय?”

“शेटजींना कळलं तर? मी विमान पाडत होतो असं होईल. घरात सहा माणसं खाणारी आहेत, चाचा. तुमच्या पाया पडतो, कुणाला बोलू नका.”

मला वाटलं, चाचा आता उठतील आणि सरळ खाचराकडं जातील. ते उठले नाहीत. “मी नाय सांगणार,” ते म्हणाले. “नारळ तुमचा, तोंड तुमचं.” मग ते जमिनीकडं बघत बोलायला लागले. मी कपात ओतलेला चहा तसाच राहिला.

त्यांचा धाकटा भाऊ युसूफ त्यांच्याच आगबोटीवर होता. एडनच्या अलीकडं, दर्या शांत असताना, कठड्यापाशी काम करता करता बोटीला एकदम झोला बसला. कुठून आला कळलं नाही. स्वच्छ दिवस होता. युसूफ कठड्याबाहेर गेला. चाचांनी त्याला धरला, मनगटाला मनगट. तो लोंबकळत होता. वर बघत होता. दुसरा झोला आला.

“मग तो नव्हता,” चाचा म्हणाले. “माझी बोटं उघडली का त्याची, ते मला आजतागायत कळलं नाय. आईनं विचारलं, त्याच्या बायकोनं विचारलं. काय सांगू? दोर असता तर कळलं असतं. दोर खोटं बोलत नाय, मुनीमजी. तुटला तर त्याचं टोक सांगतंय, सुटला तर तेबी सांगतंय. हाताला टोक नसतंय. तीस वर्सं मी ह्यो हात बघतोय.”

बाहेर बोंबलांचा भाव चालला होता.

“मला जो जबाब कुनी देऊ शकला नाय,” चाचा म्हणाले, “त्या पोराचा तो तुमच्या खिशात हाय. बाकी तुमची मर्जी.” आणि ते दोर वळायला बसले.

मी जेवढा श्रीधरसाठी घाबरलो होतो, तेवढाच त्र्यंबकरावांसाठीही. नोकरी जाण्याची भीती मला चांगली ठाऊक होती. पण ते उठले. पायात वहाणा अडकवल्या आणि गळ्यातला हात दुसऱ्या हातानं सावरत खाचराकडं चालू लागले. चाचांनी मला खूण केली, मी त्यांच्यामागं गेलो. थोड्या वेळानं चाचाही आले.

श्रीधर आपलं सामान बांधत होता, गाडीनं जायला. त्र्यंबकरावांनी उभ्या उभ्या सांगून टाकलं. शिंगरोबा, कोट, पट्टा, नारळ. श्रीधरनं त्यांच्याकडं पाहिलं, मग पुढच्या बैठकीत वाकून दांड्याच्या मुळाशी हात घातला. बैठकीच्या पुढच्या कडेला लाकडावर एक दाबल्याची खूण होती, आणि तिच्यात काथ्याचे दोन-चार तंतू. काल तो त्याच ठिकाणी तारा शोधत होता, काथ्या कोण शोधतो? ते तंतू चिमटीत धरून तो बांधावर बसला आणि त्यानं तोंड झाकून घेतलं.

“माझ्यामुळं तुम्हाला असं...” त्र्यंबकराव सुरुवात करत होते.

“मुनीमजी,” श्रीधर म्हणाला, “पुढच्या बैठकीत वस्तू होती आणि दांडा अडकला, एवढंच मी कळवणार. निघण्यापूर्वी कोट तपासायचं काम माझं होतं. मी तुमच्या शब्दावर सोडलं.” मग तो चाचांकडं वळला. आवाज खाली आला. “पण चाचा, खरं सांगू? दांडा येईना तेव्हा एकदा मनात आलं होतं, आता सोडून द्यावं.”

“आलं व्हतं ना. सोडलास का?”

“नाही.”

“मग झालं. मनात सगळ्यांच्या येतंय.”

तरी श्रीधर लगेच निघेना. विमानाच्या नाकावरच्या पंख्यापाशी जाई, परत येई. कळलं होतं खरं, पण कळलेलं अजून हातांत उतरलं नव्हतं. शेवटी म्हणाला, “मला एकदा वर जाऊन यायला हवं. त्याच जागेपाशी. उंची राखून जाईन, धोका नाही. पण पुढं कुणी बसलेलं असताना. रिकामं विमान उडवलं तर मला काहीच कळणार नाही.”

जत्रेतली निम्मी माणसं तिथं होती. सगळी दोन पावलं मागं सरली. मी तर चार.

“मी बसतो,” चाचा म्हणाले.

“चाचा, वय काय तुमचं?”

“बुडायचं वय कवाच सरलं. बसव.”

श्रीधरनं त्यांची झडती घेतली. तंबाखूची डबी, चाकू, टोपी, कोटाची बटणं घट्ट आहेत का तेसुद्धा. चाचा हात पसरून उभे राहिले. सुकटवाली म्हातारी म्हणाली, “पोलिसापरीस वाईट हाय ह्यो.” पट्टा त्यानं स्वतः आवळला, ओढून पाहिला, परत आवळला.

“हात कुठं ठेवू रं?”

“कुठंही. फक्त समोरच्या दांड्याला लावू नका.”

“मग वर धरतो. तुला मागून दिसतील. म्हंजे दांड्याला कोनी हात लावला नाय, याची तुला खात्री राहील.”

श्रीधर क्षणभर त्यांच्याकडं बघत राहिला. मग त्यानं पंखा फिरवला, उडी मारून मागं बसला, आणि मी शेपटीचा दोर सोडला. पेंढ्याचा धुरळा उडवत विमान खाचरातून धावलं आणि उचललं गेलं. चाचांचे दोन्ही हात वर होते. निळ्या कोटाच्या बाह्या वाऱ्यानं फडफडत होत्या.

विमान गोल गोल चढलं, कालच्यापेक्षा बरंच वर, आणि मग कड्याकडं वळलं. मी मनातल्या मनात सगळ्या देवांची नावं घेतली, माझ्या आणि चाचांच्याही. आणि ते पडलं. काल पडलं होतं तसंच, सरळ, खालची फळी काढल्यासारखं. जत्रेतून आवाज निघाला नाही. मग नाक वर आलं. लगेच आलं, कुणी खांद्याला धरून उठवावं तसं. विमानानं कड्यापासून तोंड फिरवलं आणि ते परत निघालं. त्र्यंबकराव माझ्या शेजारी होते. चांगल्या हातानं त्यांनी माझा दंड धरला होता तो त्यांनी आता सोडला.

उतरताना ते आमच्या डोक्यावरून गेलं. चाचांचे हात अजून वर होते. खाचरात टेकलं, धावलं, थांबलं, श्रीधरनं इंजिन बंद केलं. एकदम शांतता झाली. हात अजून वर.

मी धावत पुढच्या बैठकीपाशी गेलो. चाचांचे डोळे वाऱ्यानं लाल झाले होते, दाढी एका बाजूला गेली होती. श्रीधर मागून उतरून आला. त्याचं तोंड आता पांढरं नव्हतं. त्यानं पट्टा सोडला.

“चाचा, हात खाली घ्या आता. आलो आपण.”

चाचांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते आपल्या हातांकडंच बघत होते. तेव्हा मला दिसलं, दोन्ही मुठी घट्ट मिटलेल्या होत्या, इतक्या की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“उघडे ठेवले व्हते रं,” ते म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. “तुला दिसावे म्हनून उघडेच ठेवले व्हते. खाली पडलो ना, तवा आपोआप मिटले. मी नाय मिटले. धरायला काय नव्हतं तरी मिटले.”

युसूफचं श्रीधरला काही ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “तसंच होतं चाचा. एकदम खाली गेलं की हात आवळतात. सगळ्यांचे.”

“सगळ्यांचे?”

“हो. उघडत नाहीत कधी.”

चाचांनी मान हलवली. मी त्यांना उतरवायला हात पुढं केला होता, पण ते उतरायच्या घाईत नव्हते. त्या उघड्या बैठकीत, ऊन अंगावर घेत, त्या दोन मुठी डोळ्यांसमोर धरून ते बसून राहिले.